मदत हवी आहे: पावसाळ्यात ४ आणि ७ वर्षांच्या मुलांसोबत घरी काय करता येईल? (ठाणे, घोडबंदर रोड)

सातवा_मजला | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. पाऊस लागल्यापासून खाली खेळणं बंद आहे. शनिवार-रविवार मॉलच्या प्ले एरियात नेलं तरी घरी आल्यावर "आता काय करू?" सुरूच. दोघांना मिळून करता येईल, एका दुपारीत संपणार नाही आणि ज्यासाठी किट विकत आणावं लागणार नाही, असं काहीतरी सुचवा. सासूबाई घरी असतात. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण नातवंडांसोबत काही करायची हौस दांडगी आहे.

बागकाम सध्या नको. गॅलरीत कढीपत्त्याची एकच मोठी कुंडी आहे आणि तिला अळ्या लागल्यात. उद्या कडुनिंबाचं तेल मारणार आहे.

सीवूड्सला फ्लेमिंगो दिसतात म्हणतात, तिकडे आता जावं का?

भिजपाऊस | १२ जुलै, रात्री १०:१५

तेल मारू नका! तुम्ही जे शोधताय ते त्या कुंडीतच आहे.

अळी जवळून बघा. तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, ओलसर चकाकी, पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते का? मग ती कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लायची. ही फुलपाखरं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. कोवळ्या पालवीवर मोहरीएवढे फिकट पिवळे गोल दाणे एकेकटे चिकटलेले दिसले तर ती अंडी. ती तीन-चार दिवसांत फुटतात. अळी चार वेळा कात टाकते, शेवटच्या कातेनंतर हिरवीगार होते. अळी ते कोष दोन ते तीन आठवडे, कोष ते फुलपाखरू साधारण दहा दिवस. म्हणजे महिनाभराचं काम झालं.

काचेच्या बरणीत ठेवायचा मोह होईल, तो टाळा. बरणीत पानांचा दमटपणा साचतो, विष्ठेला बुरशी येते आणि अळी मऊ पडून मरते. बहुतेक घरांत हे असंच फसतं. त्यापेक्षा कुंडीत चार काठ्या रोवा, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि कुंडीच्या काठाभोवती नाडीने आवळा. बुलबुल आणि गांधीलमाशी दोन्ही बाहेर राहतात. दोन फुटी झाडावर दोन, फार तर तीन अळ्या ठेवा. शेवटच्या आठवड्यात एकेक अळी दिवसाला तीन-चार डहाळ्या सहज संपवते. बाकीच्या सोसायटीतल्या एखाद्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर सोडा, पण पानासकट. अळी बोटाने ओढून काढायची नाही. डोकं खाली घालून गप्प बसलेली अळी कात टाकायच्या बेतात असते, तेव्हा ओढली तर तिला इजा होते.

पानं कमी पडली म्हणून बाजारातली कढीपत्त्याची जुडी आणू नका. तिच्यावरची फवारणी धुऊन पूर्ण जात नाही, आणि अळी एका दिवसात मरू शकते. शेजाऱ्यांच्या कुंडीतलं पान घ्या, पुसून कोरडं करा. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते.

कुंडी गॅलरीतल्या स्टुलावर ठेवा, म्हणजे आजींना खुर्चीत बसून सगळं दिसेल. धाकट्याचं काम: झाडाखालचा वर्तमानपत्राचा कागद रोज सकाळी आजीसोबत बदलायचा आणि विष्ठेच्या गोळ्या मोजायच्या. मोठीचं काम: अळीशेजारी दोरा धरून लांबी घ्यायची, पट्टीवर मोजून वहीत लिहायची. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर असते, शेवटी चार सेंटिमीटरच्या आसपास जाते. आठवड्यातून एकदा रंगाच्या ब्रशने पाठीला हलकेच शिवा. डोक्यामागून दोन फाट्यांचं केशरी किंवा लालसर शिंग बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. ते शत्रूला हाकलण्यासाठी असतं, म्हणून खेळ म्हणून पुन्हा पुन्हा करू नये.

एक ताकीद मात्र द्या. कढीपत्त्यावरची ही अळी गुळगुळीत असते. केसाळ सुरवंट कुठेही दिसला तरी हात लावायचा नाही, अंगाला भयंकर खाज सुटते.

ओहोटी | १३ जुलै, सकाळी ७:५०

फ्लेमिंगो आता नाहीत. ते साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि पावसाच्या तोंडावर, मे अखेरपर्यंत निघून जातात. जुलैत गेलात तर मुलं नुसती भिजतील. बेत हिवाळ्यावर ढकला, पण तयारी आत्ता करता येईल, कारण फ्लेमिंगो बघणं म्हणजे भरती-ओहोटी ओळखणं.

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की पक्षी तिथे चरायला पांगतात, काठावरून गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. भरतीने चिखल बुडाला की ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. म्हणून लहान मुलांना काठावरून दाखवायचे तर भरतीच्या आसपासची वेळ धरा. पाणी आत यायचे मार्ग बुजलेले असतील तर तळं कोरडं पडतं आणि पक्षी फिरकत नाहीत, त्यामुळे निघण्याआधी त्या आठवड्यात कोणाला दिसले का ते विचारून घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोट जाते. तिची वेळही भरतीवर ठरते आणि आरक्षण आधी करावं लागतं.

भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडा फरक पडतो, आणि खाडीच्या आत ठाण्याकडे पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा चढतं. सात वर्षांच्या मुलीला पाव आणि पाऊण शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तिथी आजींनी सांगायची, वेळ नातीने काढायची, मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायची. नोव्हेंबरपर्यंत तिचा हात बसेल.

तोवर पावसात धबधब्यांच्या नादी लागू नका. खारघरचा पांडवकडा आणि येऊरकडच्या ओढ्यांना पाणी अचानक चढतं, लहान मुलांना घेऊन जाण्याची ती जागाच नाही.

मिलिमीटर | १३ जुलै, दुपारी १:०५

पाऊस मोजा. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि झाकण काढून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतात. बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, त्यामुळे तिथून मोजलं तर आकडा चुकतो. तळात खडे टाकून बाटलीचं अंग सरळ होईल तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्यावर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा, पाण्यात न पुसणाऱ्या मार्करने.

खिडकीच्या ग्रिलला टांगू नका. इमारत वाऱ्याकडून येणारा पाऊस अडवते आणि वरून छज्जाचं पाणी उडतं, दोन्हीकडून आकडा खोटा. गच्ची किंवा पोडियमचा मोकळा कोपरा हवा, आणि जवळच्या कठड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. विटांच्या मध्ये घट्ट बसवा. गच्चीवर मूल एकटं जाणार नाही हे वेगळं सांगायला नको.

वेळ सकाळी साडेआठची ठेवा. हवामान खातं मागच्या चोवीस तासांचा पाऊस तेव्हाच नोंदवतं, म्हणजे बातम्यांतल्या आकड्याशी तुलना होते. ६४.५ मिमीपासून "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार", २०४.४ च्या पुढे "अत्यंत जोरदार". सकाळी ऑफिसची घाई असेल तर ही बाटली आत आणून तिच्या जागी तशीच दुसरी ठेवा, आतली संध्याकाळी वाचा. वाचल्यावर पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायला विसरू नका, पुढच्या दिवसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. दारावर खडूने ९४४ ची रेघ मारा आणि धाकट्याला तिथे उभं करा, साधारण त्याच्या कपाळापर्यंत येईल. आकडा म्हणजे काय ते त्याला तिथे कळेल.

मातीकाम | १३ जुलै, रात्री ८:३०

गणपतीला अवकाश आहे तोवर शाडू मातीवर हात बसवून घ्या. आजींना टेबलाशी बसून करता येतं आणि मळण्यात त्यांचा हात नक्की चांगला असणार.

सहा इंची मूर्तीला दीड किलो कोरडी पूड धरा. किलोला साधारण ३५० मिली पाणी, तेही थोडं थोडं. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी करंगळीएवढी वळी करून वाकवा. तडकली तर पाण्याचा हात, बोटाला चिकटली तर पुन्हा कोरडी पूड.

आधी पाटासारखा एक सेंटिमीटरचा तळ, त्यावर शंकू, मग मांडीच्या दोन वळ्या, पोट, हात, डोकं. कान सगळ्यात शेवटी. प्रत्येक जोड लावताना दोन्ही बाजूंना काट्याने रेघा ओढा आणि मातीचं दाट पातळण लावा. नुसतं दाबून चिकटवलेला हात वाळल्यावर गळून पडतो आणि मुलं हिरमुसतात. सोंड हवेत ठेवू नका, पोटावर टेकवा. आत काडी घालायचा सल्ला बरेच जण देतात, पण माती वाळताना आक्रसते, काडी आक्रसत नाही, आणि सोंड काडीभोवतीच फुटते.

मुलं सारखा हात पाण्यात बुडवतात. वरचा थर लिबलिबीत होतो आणि नंतर त्यालाच बारीक भेगा जातात. वाटीतलं पाणी काढून ओला स्पंज द्या. मूर्ती पंख्याखाली वाळवू नका. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राने सैल झाका, मग सावलीत चार-पाच दिवस, या हवेत जास्तही. रंग गेरू आणि हळदीचा पुरे.

सरावाच्या मूर्ती बादलीत विरघळवा. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता, माती कापडावर निथळवून पुन्हा मळा. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. तीच दीड किलो माती महिनाभर पुरेल.

सातवा_मजला | १३ जुलै, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंडीत पाच अळ्या निघाल्या, दोन ठेवल्या, तीन पानांसकट खालच्या लिंबावर सोडल्या. मच्छरदाणी बांधली. पाऊणकीचा तक्ता सासूबाईंनी आत्ताच सुरू केलाय.

सातवा_मजला | २१ जुलै, सायंकाळी ६:२०

घाईने विचारते. मोठी हिरवी अळी दुपारपासून खात नाहीये. पातळ हिरवट शी केली आणि आता जाळीवरून सैरभैर फिरतेय. आजारी पडली का? मुलगी रडकुंडीला आलीय.

भिजपाऊस | २१ जुलै, सायंकाळी ६:४५

आजारी नाही, कोषात जायची तयारी आहे. पोट रिकामं करते आणि जागा शोधत फिरते. अडवू नका, नवीन पान देऊ नका. जाळीच्या आत एक-दोन खडबडीत सुक्या काड्या तिरक्या टेकवा. रात्रीतून ती एका जागी थांबेल, शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवेल आणि कमरेभोवती एक धागा घेईल. दिवस-दीड दिवस आखडून बसेल, मग कात सुटेल आणि कोष दिसेल. हिरवा किंवा तपकिरी, दोन्ही ठीक. त्यानंतर कुंडी हलवायची नाही. झाडाला पाणी घाला, कोषावर शिंपडू नका.

दुसरीचं असं झालं नाही तर घाबरू नका, तिचे दिवस वेगळे. एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा: कोषाला बारीक भोक पडून त्यातून छोट्या माश्या निघाल्या तर ते फुलपाखरू गेलं. परजीवी गांधीलमाशी जाळी लावण्याआधीच अंडी घालून गेलेली असू शकते. त्यात कोणाची चूक नसते.

सातवा_मजला | ३१ जुलै, रात्री ९:१०

पहिला कोष आज संध्याकाळी काळपट झाला. आतून पांढरे ठिपके दिसतायत. सडला की काय?

भिजपाऊस | ३१ जुलै, रात्री ९:२५

ते पंखांवरचे ठिपके आहेत. बहुतेक उद्या सकाळीच बाहेर येईल, मुलांना साडेसहाला उठवा. निघायला एखाद-दोन मिनिटंच लागतात, पापणी लवली तर हुकतं.

बाहेर आल्यावर पंख चुरगळलेल्या कागदासारखे दिसतील. ते काडीला लोंबकळत राहिलं पाहिजे, तरच पंखांत द्रव उतरून ते सरळ होतात. खाली पडलं तर बोट न लावता त्याच्यासमोर काडी धरा, स्वतः चढेल. लालसर थेंब पडतील, ते रक्त नाही, कोषातला साठलेला मळ आहे. दोन-तीन तासांनी पंख उघडझाप करायला लागलं की जाळी काढा. पाऊस कोसळत असेल तर थांबायला हरकत नाही, दुपारपर्यंत त्याला खायला लागत नाही.

कापूर-उदबत्ती त्या वेळात गॅलरीपासून लांब ठेवायला आजींना सांगा.