शोधनिबंधाच्या पानावरील रंगीत कडे आणि त्यातील आकडा

प्रश्न
मी मराठवाड्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. विहिरींच्या घटत्या पाणीपातळीवरील माझा शोधनिबंध गेल्या वर्षी एका इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या संकेतस्थळावरील पानावर एक रंगीत कडे दिसते आणि त्यात ३१ हा आकडा आहे. सायटेशन, म्हणजे इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ, मात्र अद्याप दोनच आहेत. पदोन्नतीच्या प्रस्तावात हा आकडा लिहावा, असे सहकारी सुचवतात. पण ज्याचा अर्थ मला सांगता येत नाही, ते लिहिणे मनाला पटत नाही. हा आकडा नेमका कशाचा? आणि ज्यांच्या विहिरी मी मोजल्या, त्यांच्यापर्यंत काही पोहोचले का, हे त्यावरून कळते का?

ग्रंथपाल, पुणे
हे कडे अल्टमेट्रिक या २०११ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या कंपनीचे आहे. निबंधाचा डीओआय (त्याचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) किंवा दुवा बातम्या, ब्लॉग, धोरणविषयक कागदपत्रे, विकिपीडिया व समाजमाध्यमे यांत कोठे आला, याचा माग ती घेते आणि स्रोताप्रमाणे वजन देऊन हा आकडा, म्हणजे गुण, काढते: बातमीला साधारण ८, ब्लॉगला ५, धोरणविषयक कागदपत्राला ३, तर फेसबुकवरील नोंदीला जेमतेम पाव. म्हणजेच एकच प्रसिद्धिपत्रक चार वृत्तसंकेतस्थळांनी जसेच्या तसे छापले, तरी आकडा तिशीच्या घरात जाऊ शकतो. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या साधनावर किती जणांनी निबंध जतन केला, हे तेथे दिसते, परंतु गुणांत धरले जात नाही. वास्तविक पुढील सायटेशनशी ट्वीटपेक्षा याच संख्येचा संबंध अधिक आढळतो. कड्यावर क्लिक करून उल्लेखांची यादी अवश्य वाचा.

संशोधक, बेंगळुरू
लक्ष वेधले जाणे म्हणजे मान्यता मिळणे नव्हे, हे प्रस्ताव तपासणाऱ्यांनीही ध्यानात घ्यायला हवे. करोना विषाणूच्या प्रथिनातील काही तुकडे एचआयव्हीशी मिळतेजुळते असल्याचा दावा करणारा दिल्लीतील संशोधकांचा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध) ३१ जानेवारी २०२० रोजी बायोआर्काइव्ह या जीवशास्त्रीय प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आला आणि तीव्र टीकेनंतर दोनच दिवसांत मागे घेतला गेला. तरीही सर्वाधिक चर्चा झालेल्या प्रीप्रिंटमध्ये त्याची गणना होते. टीका करणाऱ्याचा उल्लेखही गुणांत भरच घालतो.

कृषी विस्तार कार्यकर्ता, लातूर
आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठी दैनिके बहुधा ‘एका अभ्यासानुसार’ एवढेच छापतात, दुवा देत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरलेली माहिती आणि ग्रामसभेत वाचून दाखवलेला तक्ता तर कोणत्याच मोजणीत येत नाही. म्हणून कात्रण, तारीख, गावाचे नाव आणि तेथे पुढे काय झाले, याची नोंद स्वतः ठेवा. स्थानिक प्रश्नांवरील उत्तम संशोधनाला संरक्षण मिळावे, हे संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत याविषयीच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक आहे. प्रस्तावात त्याचा आधार घेता येईल.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. यादी उघडून पाहिली. तीन बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकाच्या निघाल्या. मात्र भूजलावरील एका धोरणविषयक अहवालाच्या तळटीपेत माझ्या मोजणीचा वापर झालेला आहे, आणि हे मला माहीतच नव्हते. प्रस्तावात ३१ न लिहिता त्या तळटीपेचा पृष्ठक्रमांक देईन. गावांसाठी मराठी लेख लिहायला घेतला आहे. त्याच्या शेवटी निबंधाचा डीओआय असेल.