एकच उमेदवार असेल तर मतदान घेतातच कशाला?

सातारी_पारावरून:
आमच्या गावात माघारीच्या दिवशी समोरच्याने अर्ज मागे घेतला की निवडणूक अधिकारी तिथेच बिनविरोध जाहीर करतात. गुलाल उधळला, विषय संपला. मग कझाकस्तानात 1 डिसेंबर 1991 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी नझरबायेव एकटेच उभे असताना लोकांना मतदानाला का बोलावलं? 98.7 टक्के मतं पडली म्हणे. एवढा खटाटोप कशासाठी?

खानदेशी:
मतपेटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा असतो हो साहेबांना!

अल्माटीकर:
91 ला मी तिथे नव्हतो, पण एप्रिल 2015 ची निवडणूक अल्माटीत जवळून पाहिली. कागदोपत्री तिघे उभे होते. बाकीच्या दोघांची नावं आमच्या कझाक सहकाऱ्यांनाही धड सांगता येईनात. शेजारच्या शाळेत केंद्र होतं. दारात सकाळपासून गाणी, आत टेबलावर बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर गोळे (गरम असतील तरच खावेत). दुपारी आमच्या हिशेब विभागातल्या बाईंना वरून फोन आला, रविवार असूनही: तुमच्याकडच्या किती जणांचं मत देऊन झालं? कोणाला दिलं, हे कोणीच विचारलं नाही. सगळा जोर हजेरीवर. निकाल 97.7 टक्के, मतदान 95 टक्क्यांच्या वर. नझरबायेवांनी आकड्याबद्दल चक्क माफी मागितली. आपण मध्ये पडलो असतो तर ते लोकशाहीला धरून झालं नसतं, म्हणाले!
2011 ला तर समोरच्या एलेउसिझोव यांनी स्वतःचं मतही नझरबायेवांनाच दिलं होतं.

सातारी_पारावरून:
आणि मत दिलंच नाही तर? उचलून न्यायचे?

अल्माटीकर:
छे, एवढं कशाला? सरकारी शाळेतल्या बाईंना सोमवारी मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं असतं, तेवढी धास्ती पुरते. पण सगळेच धाकाने जात होते असंही नाही. नव्वदच्या दशकातली महागाई, थकलेले पगार पाहिलेल्या म्हाताऱ्यांना तो माणूस खरोखर हवा होता. चुरशीची निवडणूक झाली असती तरी बहुधा तेच आले असते, फक्त 97 टक्क्यांनी नाही.

खानदेशी:
मग ते 97 टक्के पुढे गेले कुठे?

अल्माटीकर:
2019 ला त्यांनी स्वतःच पद सोडलं, राजधानीला त्यांचं नाव लागलं. जानेवारी 2022 च्या दंगलीत ताल्दीकोर्गानला लोकांनी त्यांचा पुतळा पाडला आणि सप्टेंबरात राजधानी परत अस्ताना झाली. या वेळी मत कोणी विचारलं नव्हतं.