काळं डोकं, पांढरे पट्टे, नारिंगी छाती: हा कासचा पक्षी आहे का?

यवतेश्वर_घाट:
सोबतचा फोटो 'कासच्या जंगलातला दुर्मिळ पक्षी' म्हणून फिरतोय. काळं डोकं, डोळ्याच्या वर आणि खाली आडवी पांढरी रेघ, छाती नारिंगी-पिवळी. आमच्या परसात आंब्याखाली साधारण अशाच रंगाचा पक्षी पाचोळा उकरत असतो. तोच का? त्याच्यासाठी कुठली फळं ठेवावीत?

कोयनाकाठ:
दोन्ही वेगळे. फोटोतला पोर्तो रिकन स्पिंडॅलिसचा नर आहे. हा फक्त कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर सापडतो, तिथलं नाव रेना मोरा. पूर्वी टॅनेजर नावाच्या अमेरिकी पक्ष्यांच्या कुळात धरत, आता स्पिंडॅलिसच्या चार जातींचं स्वतंत्र कुळ मानतात. मादी अगदी फिकी, शेवाळी. कृपा करून तो फोटो पुढे पाठवू नका.

परसातला बहुतेक नारिंगी डोक्याचा कस्तूर. पट्ट्यांची दिशा बघा. कस्तूराच्या पांढऱ्या गालावर दोन गडद पट्टे उभे उतरतात; स्पिंडॅलिसच्या काळ्या डोक्यावर पांढरे पट्टे आडवे. शिवाय कस्तूराचा माथा नारिंगी, पाठ निळसर करडी, पंखावर खांद्याजवळ पांढरा डाग. मैनेपेक्षा जरा लहान. स्पिंडॅलिस चिमणीहून थोडाच मोठा, आणि तो झाडावर फळं खाणारा.

मिरज_माळ:
फळांआधी पाचोळा. आंब्याखालचं झाडणं बंद करा. कस्तूर पानं उलटून किडे, गांडुळं टिपतो. जमीन लख्ख झाली की तो गेलाच. पसरट मातीच्या थाळीत मधोमध दोन-तीन बोटं पाणी, आत एक खडबडीत दगड. खोल घमेल्यात तो उतरत नाही. पाणी रोज बदला, थाळी काथ्यानं घासा, नाहीतर शेवाळ आणि डासांच्या अळ्या. थाळी झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरतं. पाच-सहा फूट मोकळं ठेवा.

पिकलेली पपई किंवा केळं चालेल, पण सकाळीच, मूठभर. उन्हात आंबतं, मुंग्या लागतात. त्यापेक्षा तुती लावा: पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा पावसाच्या तोंडावर, तीन डोळे मातीत.

कोयनाकाठ:
अंजनीचं झाडही राखा, महाबळेश्वरकडं भरपूर आहे. पिकून काळी-जांभळी होणारी तिची बारीक फळं पाखरं आवडीनं खातात. गंमत म्हणजे स्पिंडॅलिस तिकडं ज्या मिकोनिया नावाच्या झुडपांची फळं खातो, ती अंजनीच्याच कुळातली.

यवतेश्वर_घाट:
आत्ताच दुर्बिणीतून बघितलं. पट्टे उभे आहेत, खांद्यावर पांढरा डागही आहे. खराटा आत ठेवला.