मदत हवी आहे : लॉन्सच्या छतावरचं पाणी साठवून हिरवळीला पुरेल का?

नगर रस्त्याला शिक्रापूरजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. 8,000 चौरस फूट पत्र्याचं छत, पुढे 10,000 चौरस फूट लॉन. बोअर मार्चमध्येच धाप टाकतं, मग मेपर्यंत टँकर. ऐन सीझनमध्ये लॉन पिवळं पडून चालत नाही, वधूपक्ष आधी तेच बघतो.

गेल्या पावसाळ्यात एका पन्हाळीच्या पाइपाखाली 200 लिटरचा पिंप ठेवला. दीड-पावणेदोन मिनिटांत भरून वाहायला लागला! असे सहा पाइप आहेत आणि सगळं पाणी पार्किंगचा मुरूम घेऊन ओढ्याला जातं.

म्हणून हिशोब मांडला. वर्षाचा पाऊस 500 मिमी धरला, 15 टक्के घट काढली, तर छतावरून सव्वातीन लाख लिटरच्या आसपास मिळतात. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 मिमी म्हणजे साडेचार हजार लिटर लागतात. जेमतेम 70 दिवस. पार्किंगचं पाणी घेतलं तर वाढेल, पण त्यात गाड्यांचं ऑइल आणि केटररची खरकटी.

20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं करावं म्हणतोय. अडचण अशी की चार गुंठे जातात, म्हणजे तेवढं पार्किंग गेलं. शिवाय होळीपर्यंतच दीड-दोन लाख लिटर ऊन पिऊन टाकणार. बोअर पुनर्भरण करावं, म्हणजे छताचं पाणी बोअरमध्ये मुरवावं, तर आण्णा म्हणतात, "पाजायचं आपण आन् ऊस वाढणार शेजाऱ्याचा."

कुणी केलंय का असं? खर्च निघतो का?

डाळिंबवाला :
दादा, तळ्यातलं पाणी मेसाठी राखून ठेवताय, तिथंच गणित फसतंय. तळं आधी वापरा. ऑक्टोबर ते जानेवारी लॉन तळ्यावर काढा आणि बोअरला हात लावू नका, त्याचं पाणी उन्हाळ्याला राहू द्या. थंडीत हिरवळीला रोज 3 मिमी पुरतं. तेवढ्याला 15 बाय 15 मीटरचं, तेवढंच खोल तळं बास, बाजू उतरत्या धरून साडेचार लाख लिटरला थोडं कमी पाणी बसतं. छताचं पाणी आणि तळ्यावर पडणारा पाऊस मिळून जवळपास भरेल. पार्किंगच्या पाण्याला तोंड लावूच नका. पहिल्या एक-दोन सरी पत्रा धुऊन बाहेर सोडून द्या. 500 मायक्रॉनचा कागद घ्या, आणि तारेचं कुंपण खर्चात आधी लिहा. लग्नात लेकरं कुठं कुठं जातात माहितीये ना?

मूळ धागाकर्ता :
कुंपण डोक्यातच नव्हतं. सव्वादोन गुंठ्यांत बसत असेल तर आण्णांपुढे विषय काढता येईल. पण ते विचारणारच: आपण बोअर बंद ठेवलं नि शेजाऱ्यांची चालूच राहिली, तर मार्चला आमच्या वाट्याला काय राहणार?

डाळिंबवाला :
ते मलाही छातीठोक सांगता येत नाही. यंदा दर पंधरा दिवसांनी बोअरमध्ये दोरी सोडून पातळी लिहून ठेवा. शेजाऱ्याची मोटर चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. आकडे इथं टाका, मग बघू.