मदत हवी आहे: टुंड्रात झुडपं वाढतायत, मग जैवविविधता वाढतेय की घटतेय?

मंडळी, वनस्पतीशास्त्र, पर्यावरण असं काही शिकलेलं किंवा त्यात काम करणारं कोणी असेल तर प्लीज वेळ काढून वाचा. कॉलेजच्या मुलांसमोर आर्क्टिक टुंड्रातल्या झाडोऱ्यावर बोलायचं कबूल केलंय, आणि वाचायला बसल्यापासून एकाच मुद्द्यावर अडकून पडलेय.

जेवढं कळलंय ते आधी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला श्रीगणेशापासून सुरुवात करायला नको. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतंय. टुंड्रात जमीन खाली कायम गोठलेली, उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, वाढीला जेमतेम दोन-तीन महिने मिळतात, वारा तर विचारूच नका, म्हणून तिथलं सगळं बुटकं, जमिनीला चिकटून राहणारं. आता तिथेच झुडपं उंच व्हायला लागलीत. अलास्काच्या उत्तर भागात १९४० च्या दशकाच्या शेवटी तेलाच्या शोधासाठी विमानातून फोटो काढले होते, साधारण २००० साली त्याच जागांचे परत फोटो घेतले आणि शेजारी ठेवून बघितले तर आल्डर, विलो, बुटका बर्च, या सगळ्या झुडपांची गर्दी वाढलेली. लँडसॅट उपग्रहांच्या फोटोंचं पण तेच म्हणणं आहे, १९८५ ते २०१६ मध्ये तपासलेल्या जागांपैकी ३७ टक्के जास्त हिरव्या झाल्या आणि तपकिरी झाल्या त्या जेमतेम ५ टक्के.

इथपर्यंत ठीक. गोंधळ पुढे आहे. २०२५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आर्क्टिक टुंड्राचा एक मोठा अभ्यास आला, ४५ ठिकाणचे २,१७४ प्लॉट (म्हणजे मोजणीसाठी आखलेले जमिनीचे छोटे तुकडे), ४९० जातींच्या वनस्पती, १९८१ ते २०२२ एवढ्या काळातल्या नोंदी. आणि निष्कर्ष काय तर जातींच्या संख्येत सरासरीने ना वाढ ना घट! मग दुसरीकडे युरोपातल्या ३०२ डोंगरमाथ्यांचा अभ्यास वाचला, तिथे जाती वाढतायत आणि वाढीचा वेग पण वाढतोय. ऊन तेच, थंडीत राहणाऱ्या वनस्पती तशाच, मग एकीकडे आकडा चढतो आणि दुसरीकडे हलत नाही, हे कसं काय?

मुलं पहिला प्रश्न हाच विचारणार की आकडा तोच आहे तर मग काळजी कसली. आणि विलो, बर्च काही बाहेरून आणलेली झाडं नाहीत, तिथलीच आहेत, ती वाढली तर बिघडलं कुठे? मला आतून वाटतंय की बिघडतंय, पण "वाटतंय" म्हणून मुलांसमोर उभं राहायचं नाहीये. ज्याला जमेल त्याने नीट उलगडून सांगा, मोठं उत्तर चालेल.

कुतूहल: मला यातलं फार कळत नाही, पण जास्त हिरवं म्हणजे कार्बन जास्त शोषला जाणार ना? ही तर चांगलीच गोष्ट झाली की.

हिमपुष्प: धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं काम अशाच प्लॉटच्या डेटावर चालतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवतात, त्यावर दोऱ्यांची जाळी असते, प्रत्येक गाठीतून एक बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि ती जाताना ज्या ज्या पानाला, फांदीला टेकेल ते लिहून घ्यायचं. असे शंभरेक पॉइंट, गुडघ्यांवर बसून, डासांच्या ढगात. काही वर्षांनी त्याच चौकटीवर परत. २०२५ च्या त्या अभ्यासात असं दिसलं की ५९ टक्के प्लॉटमध्ये काही जाती नव्या आल्या किंवा असलेल्या गेल्या, आणि जिथे तापमान जास्त वाढलं तिथे येणंही जास्त आणि जाणंही जास्त. बेरीज-वजाबाकी केली की सरासरी शून्याजवळ येते. वर्गाच्या पटावर संख्या तेवढीच, पण त्यातली काही मुलं बदललेली, असं समजा. मुलांना सरासरी सांगायच्या आधी हे सांगा.

डोंगरमाथ्याचं कोडं त्या मानाने सोपं आहे. तिथे खालच्या उतारावरची वनस्पती वर यायला काहीशे मीटर चढली की झालं. आर्क्टिकमध्ये तेवढाच थंडावा गाठायला शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकायला लागतं, मध्ये समुद्र, बेटं. शिवाय टुंड्रातल्या कितीतरी वनस्पती खूप दीर्घायुषी, मुळं-फांद्या पसरवूनच वाढणाऱ्या, त्यामुळे हवा बदलली तरी जुनं लगेच जात नाही आणि नवं लगेच पोचत नाही. आज आकडा हलत नाही म्हणून उद्याही हलणार नाही असं त्यातून निघत नाही.

आता झुडपांचं. तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. त्याच अभ्यासात जिथे झुडपं पसरली, विशेषतः उभी वाढणारी, तिथे जाती जास्त गेल्या आणि एकूण संख्याही घटली. ड्रायस या टुंड्रातल्या फुलझाडाचं उदाहरण घ्या, उंची बोटभर, पांढरं वाटीसारखं फूल सूर्याच्या दिशेने वळत राहतं, वाटीच्या मध्ये हवेपेक्षा जास्त ऊब साठते, माश्या तिथे ऊब घ्यायला बसतात आणि परागीभवन होतं, बियाही त्या उबेत पिकतात. या फुलाचं सगळं गणितच थेट उन्हावर आहे. त्याच्या डोक्यावर गुडघाभर विलो आला, वर्षानुवर्षं त्याची पानं खाली पडत राहिली, की संपलंच. झुडूप तिथलंच आहे हे खरं, पण सावली टुंड्राला परकी आहे.

आणि एक गोष्ट जवळपास सगळ्यांच्या नजरेतून सुटते. त्या ४९० जाती सगळ्या फुलझाडं-गवतं-झुडपं या गटातल्या आहेत, मॉस (जमिनीवर मऊ गालिच्यासारखं वाढणारं शेवाळ) आणि दगडफूल (लायकेन) त्यात धरलेलंच नाही. टुंड्रात खरी गर्दी तर त्यांचीच! १९९० पासून आयटेक्स नावाचा आंतरराष्ट्रीय प्रयोग चालू आहे, वरून उघड्या पारदर्शक पेट्या जमिनीवर ठेवून आतली हवा एक ते तीन अंशांनी गरम करायची आणि बघायचं. २०१२ मध्ये त्यातल्या बऱ्याच ठिकाणांचे निकाल एकत्र केले तेव्हा झुडपं वाढलेली, उंची वाढलेली, पालापाचोळा वाढलेला आणि मॉस, दगडफूल कमी झालेलं दिसलं. मॉसचा थर उन्हाळ्यात खालच्या गोठलेल्या जमिनीला उष्णतेपासून वाचवतो. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, एकदा गेलं की भरून यायला दशकं जातात, आणि रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं तेच.

@कुतूहल, हिरव्या पानांत कार्बन जातो हे बरोबर, पण हिशोब जमिनीखाली आहे. कायम गोठलेल्या जमिनीत साधारण १,५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि ती जमीन सुटली की तो हवेत यायला लागतो. झुडपं हिवाळ्यात उडणारा बर्फ अडवतात, तो साठला की गोधडीसारखा माती उबदार ठेवतो, मातीतले जिवाणू जागे राहतात, नायट्रोजन मोकळा करतात आणि तो परत झुडपांनाच मिळतो. वसंतात गडद फांद्या बर्फाच्या वर डोकावतात आणि ऊन शोषतात. उन्हाळ्यात मात्र सावलीने माती थंड राहते, म्हणजे परिणाम दोन्ही बाजूंनी आहेत, एका वाक्यात चांगलं-वाईट ठरवू नका.

धागाकर्ती: हिमपुष्प, खूप खूप आभार! मॉस आणि दगडफूल मोजलेलंच नाही हे वाचून अक्षरशः चर्रर झालं, दोन आठवडे मी हाच आकडा घेऊन बसलेय. आता दोनच प्रश्न. सगळीकडे हेच होतंय असं म्हणायचं का? आणि रेनडिअरचा भाग मुलांना नक्की भिडेल, त्यात काय सांगता येईल?

हिमपुष्प: सगळीकडे असं म्हणू नका. त्या अभ्यासात वेगवेगळ्या ठिकाणचे झाडोरे एकमेकांसारखे होत चाललेत असंही दिसलं नाही. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कुंपण घालून कस्तुरी बैल आणि कॅरिबू (म्हणजे तिकडचे रेनडिअरच) बाहेर ठेवले तेव्हा आत झुडपं जास्त वाढली, म्हणजे चरणारे प्राणी असले की झुडपांना लगाम बसतो. आणि उत्तर स्कँडिनेव्हियात डिसेंबर २००७ मध्ये हिवाळ्यातच अचानक ऊब येऊन बर्फ वितळला, मागून थंडी परतली, उघड्या पडलेल्या क्रोबेरी या बुटक्या झुडपाचे मोठे पट्टे वाळून तपकिरी झाले. तापमान वाढलं म्हणून कायम हिरवंच होतं असं नाही.

रेनडिअरसाठी रशियाच्या उत्तरेकडच्या यमाल द्वीपकल्पाचं सांगा. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला, मग कडक थंडी आली आणि जमिनीवर बर्फाचं कवच तयार झालं. खाली खाणं होतं, पण खुरांनी ते फोडता येईना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले, आणि नेनेत्स पशुपालकांच्या कितीतरी कुटुंबांचे कळपच्या कळप गेले. म्हणजे दगडफूल टिकलं तरी ते जनावराच्या तोंडापर्यंत पोचेल का हा प्रश्न वेगळा राहतोच. प्लॉटच्या चौकटीचा फोटो हवा असेल तर व्यनि करा, माझ्याकडचा पाठवते. मुलांना तो आकड्यांच्या आधी दाखवा.