मदत हवी आहे: ३२ बिट अ‍ॅप आणि ६४ बिट कर्नलमध्ये स्ट्रक्टचा साइज जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, मी फोंड्याहून. जेट्टीवरच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या बॉक्सचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे आलाय. मशीन एक्स८६. कर्नल आता ६४ बिट केला, पण जुनं अ‍ॅप ३२ बिटच आहे, त्याचा सोर्स नाही, म्हणून रीकंपाइल करा असं प्लीज सांगू नका.

ड्रायव्हर अ‍ॅपला ज्या स्ट्रक्टमधून (एकत्र बांधलेल्या फील्ड्सचा गट) डेटा देतो, त्यात यू३२ (३२ बिटचा आकडा), मग यू६४ (६४ बिटचा, हाच टाइमस्टॅम्प), मग परत यू३२. पाहोल (स्ट्रक्टची मेमरीतली मांडणी दाखवणारं टूल) लावून बघितलं तर ३२ बिटमध्ये १६ बाइट, ६४ मध्ये २४, कारण ६४ बिटमध्ये यू६४ आठच्या अलाइनमेंटवर, म्हणजे आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच बसतो, आणि मधली जागा पॅडिंगने (रिकाम्या बाइट्सनी) भरली जाते. क्रॅश काहीच नाही, आकडे मात्र चुकतात, जुनं अ‍ॅप टाइमस्टॅम्प ऑफसेट ४ वरून वाचतं आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात पॅडिंगचे शून्य येतात, हे हेक्स डंपमध्ये स्पष्ट दिसतं.

पॅक्ड (पॅडिंग काढून टाकणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावलं तर जुनं अ‍ॅप चाललं पण ६४ बिटचं लॉगर टूल मोडलं, आणि त्याचाही सोर्स नाही. आयओसीटीएलचं (अ‍ॅपने ड्रायव्हरला कमांड द्यायचा कॉल) मी सोडवलं, कमांड नंबरमध्येच साइज असतो म्हणून वेगळा केस आणि कॉम्पॅट_यू६४ (३२ बिटसारखा चारच्या अलाइनमेंटवर बसणारा यू६४) वालं वेगळं स्ट्रक्ट, फील्ड बाय फील्ड कॉपी.

अडलंय ते एममॅप केलेल्या (कर्नलची मेमरी थेट अ‍ॅपला दाखवलेल्या) रिंग बफरवर (गोल फिरत भरत जाणारा बफर), तिथे मध्ये कॉपी करायला जागाच नाही. ओपनच्या वेळी इन_कॉम्पॅट_सिसकॉल (कॉल ३२ बिट अ‍ॅपकडून आलाय का ते सांगणारं कर्नल फंक्शन) बघून प्रत्येक फाइलला वेगळा बफर, वेगळा लेआउट द्यावा का? पावसाळ्यात दोन्ही प्रोग्राम एकदम चालू असतात. फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा नंबर) दुसऱ्या प्रोसेसला गेला तर हे फसेल, मग तपासणी एममॅपमध्येच करणं जास्त बरोबर का?