प्रेसिंगचा कणा कोण: फिर्मिनो की व्हॅन डाइक?

धागाकर्ता:
प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि पुढच्याच हंगामात ९९ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा बहुतेक श्रेय कडेचे आघाडीवीर सालाह आणि माने यांच्या गोलांना मिळाले. माझ्या मते त्या ४-३-३ मधील (चार बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन आघाडीवीर) सर्वांत मोलाची भूमिका रॉबेर्तो फिर्मिनोची होती. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधला आघाडीवीर, असूनही तो सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) अंगावर सरळ धावून जात नसे. प्रतिस्पर्ध्याच्या बचावात्मक मिडफिल्डरकडे जाणारा पासचा मार्ग आधी आपल्या पाठीमागे झाकून घेई आणि मगच पुढे सरके. सालाह आणि माने बाहेरून आत धावत येत असल्याने फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) जाणारा जमिनीलगतचा पासही बंद होई, आणि कोंडीत सापडलेल्या बचावपटूला चेंडू नेमका हेंडरसन, वाइनाल्डम आणि फाबिन्यो हे आमचे मिडफिल्डर उभे असत तिथेच द्यावा लागे. असा प्रेसिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर दाब टाकून चेंडू हिसकावण्याचा, खेळ ज्या संघाला खेळायचा आहे, त्याने सर्वप्रथम असा आघाडीवीर शोधावा, मग त्याचे स्वतःचे गोल कमी झाले तरी चालतील. २०१९-२० च्या लीगमध्ये फिर्मिनोचे गोल अवघे ९ होते.

प्रतिसाद १:
तुमचे वर्णन अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. फिर्मिनो २०१५ पासून, माने २०१६ पासून आणि सालाह २०१७ पासून संघात होते, तरीही २०१७-१८ च्या लीगमध्ये लिव्हरपूलवर ३८ गोल झाले. जानेवारी २०१८ मध्ये सेंटर बॅक व्हॅन डाइक आणि त्याच उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन व फाबिन्यो आले, आणि पुढच्या हंगामात हा आकडा २२ वर आला. आघाडीची फळी दाब टाकायला पुढे गेली की बचावफळीलाही मध्यरेषेकडे सरकावे लागते, नाहीतर मधल्या फळीच्या मागे मोठी पोकळी पडते. ती वर सरकली की तिच्या पाठीमागचे अर्धे मैदान राखायला वेगवान सेंटर बॅक आणि पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येणारा गोलरक्षक लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ असे हरवले, तेव्हा फिर्मिनो मैदानात होता. नव्हता तो ॲलिसन.

प्रतिसाद २:
७ मे २०१९ रोजी बार्सिलोनाला ४-० ने हरवताना फिर्मिनो आणि सालाह दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते, याचा उल्लेख धाग्यात हवा होता. त्या रात्री दुसरा गोल झाला तो लिव्हरपूलचा फुलबॅक ॲलेक्झांडर-अर्नोल्डने गमावलेला चेंडू बार्सिलोनाच्या जॉर्डी आल्बाकडून लगेच हिसकावून वाइनाल्डमला क्रॉस दिला म्हणून. चेंडू गेल्यावर पहिली धाव फुलबॅकची होती!

धागाकर्ता:
प्रतिसाद २ मधील सामना मी विसरलेलो नाही, परंतु वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घडवलेला संघ एका रात्री बदली आघाडीवीर घेऊनही ती पद्धत निभावून नेऊ शकतो. व्हिलाच्या सामन्याचा मी उलट अर्थ लावतो. व्हॅन डाइक त्या दिवशी खेळत होता, बचावफळीही नेहमीइतकीच वर होती. परंतु चेंडू असलेल्या खेळाडूवर दाब नसल्याने त्याला मान वर करून लांब पास देण्याची सवड मिळत राहिली. तशी सवड मिळाली तर कोणतीही उंच बचावफळी उघडी पडणारच. ती मिळू न देणे हे आघाडीच्या तिघांचे काम आहे, आणि त्या तिघांनी कधी धावायचे हे फिर्मिनोच्या पहिल्या पावलावर ठरत असे.

प्रतिसाद १:
मग २०२०-२१ चा उरलेला हंगाम कसा समजावून सांगाल? व्हॅन डाइक १७ ऑक्टोबरला एव्हर्टनविरुद्ध जखमी झाला, नंतर गोमेझ आणि मॅटिप हे सेंटर बॅकही जखमी झाले, आणि क्लॉप यांना फाबिन्यो व हेंडरसन यांना सेंटर बॅक म्हणून खेळवावे लागले. म्हणजे मागची तूट भरण्यासाठी मधली फळी मोडली, आणि आघाडीवीरांनी कोंडून आणलेला चेंडू हिसकावून घेणारे पायच तिथे उरले नाहीत. आघाडीला तेच तिघे होते, पहिले पाऊल टाकणारा फिर्मिनोही होता. तरी ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लिव्हरपूल लीगचे सलग सहा सामने हरले.